पाण्याच्या थेंबाविना: पोपटीचे मडके आणि त्यामागचे शेत

पोपटीच्या मडक्यात पाणी घालत नाहीत, तेलही नाही. वालाच्या ओल्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, अख्खी अंडी, बटाटे, रताळी, करांदे, कोणी मसाला चोळलेले कोंबडीचे तुकडे. तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला. एवढे भरून मडके जमिनीवर पालथे घालतात, भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचतात आणि पेटवून देतात. ज्वाळा मडक्याच्या डोक्यावरून जातात. अर्ध्या-पाऊण तासाने निखारे बाजूला सारून मडके उघडले, की आतल्या शेंगा मऊ आणि रसदार निघतात, एखाद्या कडेला खरपूस डागही असतो. याच शेंगा कोरड्या कढईत तेवढ्या आगीवर टाकल्या तर बघता बघता करपतील. मडक्यात त्या करपत कशा नाहीत, आणि पाण्याविना शिजतात कशा?

रायगड जिल्ह्यात हा प्रकार अलिबाग-पेणपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत सगळीकडे आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगरउतारांवर ठाकूर या आदिवासी जमातीच्या वाड्या आहेत. ठाकूरवाडी हे नावही इथे एकापेक्षा अधिक ठिकाणी आढळते. बोरघाटाच्या रेल्वेमार्गावरही एक ठाकूरवाडी आहे. या पट्ट्यात पोपटीला लागणारी प्रत्येक वस्तू पायी जाता येईल एवढ्या अंतरात मिळते. पोपटीच्या शास्त्रात ही गोष्ट गौण नाही.

भाताच्या पाठोपाठ वाल

पोपटी डिसेंबर ते फेब्रुवारीतच का लावतात, याचे उत्तर खाचरात आहे. पावसाळ्यात भाताने भरलेले खाचर कापणीनंतर मोकळे होते, पण वरून वाळलेल्या त्या मातीत खाली ओल टिकून असते. वालाचे मूळ ती ओल शोधत खोल जाते. त्यामुळे पाणी न देता, केवळ जमिनीतल्या ओलीवर आणि हिवाळी दवावर हे पीक उभे राहते. शिवाय वालाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून ठेवतात. त्यातला काही मातीत उरतो आणि पुढच्या भाताला मिळतो.

वालाच्या जुन्या, स्थानिक वाणांना आणखी एक बंधन असते. दिवस लहान झाल्याशिवाय ते फुलावर येत नाहीत. रात्रीची लांबी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की झाडाला फुलण्याचा इशारा मिळतो. म्हणून पेरणी थोडी पुढेमागे झाली तरी शेंगा भरतात त्या थंडीतच. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण भूषण'सारखे लवकर येणारे वाण दिले आहेत, आणि भाजीच्या शेंगांसाठी ते उपयोगीही आहेत. पोपटीला मात्र दाणा भरलेली पण साल अजून हिरवी असलेली शेंग लागते. कोवळ्या शेंगेत दाण्याचा पिठूळ गोडवा नसतो, जून शेंगेत पाणी कमी असते. आणि सगळा खेळ त्या पाण्यावरच चालतो.

कर्जत तालुक्यात भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याने शेतांकडे नेले आहे. ते जिथे पोचते तिथे उन्हाळी भात निघते. वाड्यांच्या उतारांवर आणि नाल्यापासून दूरच्या खाचरांत ते पाणी नाही. तिथे थंडीतले पीक म्हणजे वालच.

वाफ येते कुठून

हिरव्या शेंगेच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो. दोन किलो शेंगा म्हणजे जवळजवळ दीड किलो पाणी शेंगांतच साठवलेले. मडके तापू लागले की भिंतीला लागून असलेल्या शेंगांतले थोडे पाणी बाहेर पडून त्याची वाफ होते. ही वाफ किती लागते, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम पाण्याची १०० अंश सेल्सियसला वाफ झाली, तर ती सुमारे पावणेदोन लिटर जागा व्यापते. म्हणजे १० लिटरचे रिकामे मडके वाफेने भरायला सहा ग्रॅम पाणी, एक चमचाभर, पुरेसे आहे. भरलेल्या मडक्यात रिकामी जागा त्याहून किती तरी कमी. शेंगांना आपल्या पाण्याचा किरकोळ अंश द्यावा लागतो आणि मडके वाफेने भरून जाते.

आता या वाफेत उष्णता किती असते ते पाहू. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला मात्र आणखी ५४० कॅलरी लागतात, आणि एवढे देऊनही तापमान १०० अंशांवरच थांबलेले असते. ही उष्णता वाफेत दडून राहते. भौतिकशास्त्रात तिला सुप्त उष्णता म्हणतात. वाफ थंड शेंगेवर किंवा अंड्यावर टेकली की तिचे पाणी होते आणि त्या ५४० कॅलरी शेंगेला मिळतात. जी वस्तू सर्वांत थंड, तिच्यावर सर्वांत जास्त वाफ निवते. त्यामुळे मध्यावरच्या, आगीपासून दूरच्या शेंगाही मागे राहत नाहीत.

बाहेर ज्वालेचे तापमान ७०० अंशांच्या पुढे गेले, तरी आतले पदार्थ ओले आहेत तोवर त्यांचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत राहते. कोरड्या कढईत वाफ उडून जाते, शेंग सुकते, आणि सुकलेल्या शेंगेचे तापमान रोखायला मग काहीच उरत नाही. सुरुवातीच्या कोड्याचे अर्धे उत्तर हे आहे.

मडके पालथेच का

उरलेले अर्धे उत्तर मडक्याच्या बैठकीत आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते. तोंड वर असलेल्या भांड्यातून ती झाकणाच्या फटींतून वर निघून जाते. मोदकपात्रात म्हणूनच तळाशी पाणी घालावे लागते आणि ते आटले की भांडे करपते. पालथ्या मडक्यात वाफेला वर जायला वाट नाही. ती मडक्याच्या बुडाखाली, म्हणजे आता जे छत झाले आहे त्याखाली, साठते आणि आधीची जड हवा खाली ढकलत पाल्यातून बाहेर काढते. काही वेळाने आत हवा जवळजवळ उरत नाही. हवा असती तर वाफ आणि शेंग यांच्यामध्ये तिचा अडथळा आला असता, कारण हवा स्वतः निवत नाही आणि उष्णताही हळू पोचवते. जास्तीची वाफ तोंडाच्या पाल्यातून झिरपत बाहेर जाते, म्हणून दाब साठत नाही आणि मडके फुटत नाही.

दुसरा फायदा पाण्याच्या वाटेचा. निवलेले पाणी खाली ओघळते. साध्या भांड्यात खालीच आग असते, त्यामुळे तळच्या शेंगा एकतर पाण्यात उकडतात किंवा पाणी आटल्यावर जळतात. पोपटीत आग वरून आणि बाजूंनी आहे. तोंडाखाली जमीन, म्हणजे सर्वांत थंड जागा. ओघळलेले पाणी तिथल्या पाल्यात मुरते, पाला ओला ठेवते, आणि तो ओला पाला बुचासारखा काम करत राहतो. शेंगा पाण्यात भिजत नाहीत. पोपटीच्या शेंगेची चव उकडलेल्या शेंगेसारखी पाणचट का नसते, ते यावरून कळते.

भरण्याचा क्रमही यातूनच ठरतो. मडके सुलटे असताना तळाशी पाला घालतात. पालथे झाल्यावर तो पाला छताला येतो आणि सर्वांत तापलेल्या भागापासून शेंगांना वाचवतो. अंडी मध्यावर ठेवतात, कारण भिंतीला लागली तर कवच तडकते. कोंबडीचे तुकडे लहान करून पाल्यात गुंडाळलेले बरे. मांस आतपर्यंत ७५ अंशांच्या आसपास पोचायला हवे, आणि मोठ्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता जायला वेळ लागतो.

मातीच्या भांड्याची जागा पत्र्याचा डबा का घेऊ शकत नाही, हेही इथेच स्पष्ट होते. भाजलेली माती उष्णता अतिशय सावकाश पुढे नेते. अॅल्युमिनियमशी तुलना केली तर शेकडो पट हळू. पेंढ्याची आग भडकते आणि क्षणात बसते. मातीची जाड भिंत तो चढ-उतार स्वतःत जिरवते आणि आत सावकाश, सारखी ऊब सोडते. आग विझल्यावरही मडके काही वेळ शिजवतच असते. पत्र्यामागची शेंग मात्र प्रत्येक भडक्याचा चटका थेट सोसते.

चौकट: मडक्यात काय घडते

पहिली काही मिनिटे: भिंत तापते, कडेच्या शेंगांतून वाफ सुटू लागते.
त्यानंतर: वाफ छताकडे साठते, हवा खालून बाहेर पडते, पाल्यातून वाफेचे धुके दिसते.
६०–७० अंश: अंड्याचा पांढरा आणि मग पिवळा भाग घट्ट होतो, दाण्यातले पिष्ट पाणी शोषून फुगू लागते.
१०० अंशांजवळ: शेंगा मऊ पडतात, हिरवा रंग शेवाळी तपकिरीकडे झुकतो.
भिंतीलगत, १४० अंशांच्या पुढे: सुकलेल्या सालीवर खरपूस डाग येतात.

भांबुर्डा

भांबुर्डा हे सूर्यफुलाच्या कुळातले, ब्लुमिया प्रजातीतले तण. पाऊस सरला की भाताच्या मोकळ्या खाचरांत आणि बांधांवर ते आपोआप उगवते. पाने मऊ, लवदार, किंचित चिकट. पानावरच्या बारीक केसांच्या टोकांशी तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. पान चुरगळले की कापरासारखा उग्र वास येतो, तो या तेलांचा. ही तेले पाण्याच्या वाफेबरोबर सहज उडतात. अत्तराच्या भट्टीत फुलांतून तेल काढण्याची पद्धतही याच गुणावर उभी आहे. मडक्यात वाफ पाल्यातून फिरते, तेल उचलते, शेंगेवर निवते आणि तिथे ठेवून जाते. अंड्याच्या कवचालाही हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. पोपटीतल्या अंड्याला कवच न फोडताच पाल्याचा वास लागतो, तो त्यांतून. ओव्यातले थायमॉल हेही असेच वाफेबरोबर पसरणारे द्रव्य.

पाला खायचा नसतो. पण तो कुठून आणला हे महत्त्वाचे आहे. तणनाशक मारलेल्या बांधावरचा पाला मडक्यात घालू नये. आणि भांबुर्डा मिळाला नाही म्हणून शेजारचे कोणतेही वासाचे झुडूप तोडून आणणे धोक्याचे. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत ही त्याच बांधावर वाढणारी तणे विषारी किंवा त्रासदायक आहेत. झाड ओळखणाऱ्या माणसाबरोबर एकदा बांधावर फिरल्याशिवाय ही पारख येत नाही. ठाकूरवाड्यांत रानभाज्या, कंद आणि औषधी पाल्याची ओळख लहानपणापासून रानातच होते, आणि पोपटीच्या साहित्यात सर्वांत मोलाचे जर काही असेल तर ती ही ओळख आहे.

धूर किती, भाजणे किती

पोपटीला धुराची चव असते असे म्हणतात. ते खरे आहे, पण धुरावर शिजवण्याच्या पद्धतीइतके नव्हे. लाकूड जळते तेव्हा त्याला कणखरपणा देणारे लिग्निन तुटून ग्वायाकॉल, सिरिंगॉल यांसारखी द्रव्ये निघतात. धुरावलेल्या मांस-माशांचा ओळखीचा वास त्यांचाच. ती ओलसर पृष्ठभागाला चटकन चिकटतात. पोपटीत मात्र शिजत असताना वाफ आतून बाहेर वाहत असते, त्यामुळे धुराला आत शिरायला वाव कमी. तोंडाशी निखाऱ्यांना टेकलेला पाला जळतो, त्याचा थोडा धूर मुरतो. आग बसल्यावर मडके निवू लागते, आतली वाफ आकसते आणि बाहेरची धूरमिश्रित हवा पाल्यातून आत ओढली जाते.

खरपूसपणा वेगळ्या वाटेने येतो. भिंतीला चिकटलेल्या शेंगा आपले पाणी आधी गमावतात. पाणी संपले की त्यांचे तापमान १०० अंशांचा अडसर ओलांडते, आणि १४० अंशांच्या पुढे साखर व प्रथिने यांच्यात ती अभिक्रिया सुरू होते जिने भाकरीवर डाग पडतात आणि भाजलेल्या दाण्यांना वास येतो. एकाच मडक्यात वाफवलेले आणि भाजलेले असे दोन्ही मिळते, ते शेंग भिंतीपासून किती लांब होती त्यावर.

रंगाचे कोडेही सुटते. हिरव्या रंगाच्या हरितद्रव्यात मॅग्नेशियमचा अणू असतो. शेंगेतली सौम्य आम्ले वाफेबरोबर बाहेर पडतात. उघड्या भांड्यात ती उडून जातात, बंद मडक्यात आतच राहतात आणि तो अणू हुसकावून लावतात. हिरवी शेंग म्हणून शेवाळी होते. अंड्याच्या पिवळ्याभोवती करडी-हिरवी कड दिसली तर तीही निरुपद्रवी असते: पांढऱ्यातले गंधक आणि पिवळ्यातले लोह जास्त वेळ तापून एकत्र आल्याची खूण.

आरोग्याच्या दृष्टीने पोपटीचा एक फायदा सांगायला हवा. उघड्या निखाऱ्यावर मांस भाजताना चरबी ठिबकून जळते आणि तिच्या धुरातून बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्ये मांसावर बसतात. मडक्यात चरबी आगीत पडू शकत नाही. कच्च्या वालात पचन बिघडवणारी काही प्रथिने असतात. पुरेशा उष्णतेने ती निकामी होतात, म्हणून अर्धकच्ची शेंग खाऊ नये.

आगीची पारख

मडके पेटवण्यापूर्वी उन्हात कोरडे करावे लागते. ओल्या मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी एकदम वाफ होऊन भिंत तडकवते. उतरवल्यावर गरम मडके ओल्या जमिनीवर ठेवले तरी तोच धोका.

झाले की नाही हे कळायला काही ठिकाणी मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात. चर्र आवाज करून ते उडाले तर पोपटी तयार मानतात. या चाचणीने भिंत चांगली तापल्याचे कळते, गाभा शिजल्याचे नाही. त्यापेक्षा नाक अधिक विश्वासू आहे. सुरुवातीला पाल्याचा कच्चा, उग्र वास येतो; शेवटाकडे त्यात भाजलेल्या दाण्याचा गोड वास मिसळतो. तो बदल ओळखणारा माणूस घड्याळ पाहत नाही.

जळणात प्लायवूड, रंगवलेली फळी, प्लास्टिक कधीही नको. प्लायवूडच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघतात. आणि कर्जत-खालापूरच्या डोंगरांवरचे गवत जानेवारीपासून वाळून काड झालेले असते. एका ठिणगीने वणवा लागतो. भोवतीचे गवत साफ केलेली जागा, जवळ पाण्याचा हंडा आणि शेवटी निखाऱ्यांवर माती, ही पोपटीची अंगभूत शिस्त आहे.

दूरचे भाऊबंद

गुजरातेत वलसाडकडे उंबाडियू जवळजवळ याच पद्धतीने पालथ्या मडक्यात लागते. न्यूझीलंडमधले माओरी लोक हांगीसाठी खड्ड्यात तापलेले दगड, ओले आच्छादन आणि माती वापरतात. पेरूतल्या पाचामांकाचेही तत्त्व तेच. सगळीकडे पदार्थाला वाफेत कोंडून ठेवण्याची युक्ती आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात बार्बेक्यूची परंपरा वेगळी: डुकराचे मांस लाकडाच्या निखाऱ्यांवर मंद आचेने तासन्‌तास. तिथल्या उपाहारगृहांनी गॅसच्या भट्ट्या बसवायला सुरुवात केली, तेव्हा जॉन शेल्टन रीड हे समाजशास्त्रज्ञ आणि डॅन लेव्हीन यांनी २०१३ साली 'कॅम्पेन फॉर रिअल बार्बेक्यू' ही मोहीम सुरू केली. केवळ लाकडाच्या धगीवर शिजवणाऱ्या जागांना ती प्रमाणपत्र देते. त्यांचे म्हणणे साधे आहे: लाकूड काढून घेतले तर उरतो तो दुसराच पदार्थ.

पोपटी टिकवायची म्हणजे काय टिकवायचे

रायगडातही पोपटीचे चाहते कमी नाहीत. थंडीत मुंबई-पनवेलहून माणसे गावी येतात ती पोपटीसाठी; मडक्याभोवती पोपटी कवी संमेलने भरतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि कर्जत-नेरळ भागातल्या कृषी पर्यटन केंद्रांत पोपटी हा हिवाळ्याचा मुख्य कार्यक्रम झाला. हा उत्साह मोलाचा आहे. पण नॉर्थ कॅरोलायनातला प्रश्न आणि इथला प्रश्न एक नाही. तिथे धोक्यात आहे ती आग. इथे पेंढा आणि मडके अजून मिळते. हातातून निसटते आहे ते शेत.

कर्जत आणि खालापूर हे मुंबईकरांच्या फार्महाऊसचे आणि दुसऱ्या घरांचे तालुके झाले आहेत. खाचराचा प्लॉट झाला की एका व्यवहारात तीन गोष्टी जातात: भातानंतरची ओल, त्या ओलीवरचा वाल, आणि त्याच खाचराच्या बांधावरचा भांबुर्डा. बाजारातून आणलेल्या शेंगा आणि विकतचा पाला घेऊन पोपटी लावता येते, पण शेंग तोडल्यापासून दर दिवशी पाणी गमावते आणि दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होत जाते. सकाळी तोडलेल्या शेंगेची संध्याकाळची पोपटी आणि दोन दिवस गोणीत राहिलेल्या शेंगेची पोपटी यांत फरक पडतो तो इथेच.

म्हणून पोपटी जपणाऱ्यांनी आधी शेंगेच्या मालकाकडे पाहावे. पर्यटन केंद्राने घाऊक बाजाराऐवजी जवळच्या वाडीवरून शेंगा, करांदे आणि पाला योग्य दराने घेतला, तर खाचर वालाखाली ठेवणे परवडते. पाला ओळखून आणण्याचे काम हे कौशल्याचे काम आहे. त्याची मजुरी तशी मिळायला हवी. बांधावर तणनाशक न मारण्याची अट खरेदी करणाऱ्यानेच घातली तर ती पाळली जाण्याची शक्यता जास्त.

बियाण्याचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. चांगल्या शेंगांची काही झाडे न तोडता राखायची, शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, दाणे उन्हात कडक करून राखेत मिसळून ठेवायचे. राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि भुंग्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, त्यामुळे तो आत टिकत नाही. असे राखेतले बी पावसाळाभर सुरक्षित राहते आणि भाताची कापणी उरकताच त्याच खाचरात पेरता येते.